‘कॉग्निझेबल’ आणि ‘दखलपात्र’ : पोलिसी अधिकाराच्या एका शब्दाची घडण

इंग्रजी अमदानीत मराठीत रुजलेल्या कायद्याच्या परिभाषेचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. ‘वॉरंट’, ‘समन्स’, ‘अपील’, ‘पोलीस’ हे शब्द जसेच्या तसे उचलले गेले आणि मराठी विभक्तिप्रत्यय बिनदिक्कत स्वीकारण्याइतके घरचे झाले. उलटपक्षी ‘फिर्याद’, ‘जामीन’, ‘तहकूब’, ‘हुकूमनामा’ इत्यादी शब्द फारसी दफ्तरांतून मराठेशाहीच्या कारभारात व तेथून इंग्रजांच्या न्यायालयात आले. त्यांच्या बाबतीत कल्पना नवी, परंतु शब्द जुना, असा प्रकार घडला. ‘दखलपात्र’ हा शब्द ह्या दोहोंपैकी कोणत्याही वर्गात सरळ बसत नाही. त्याचा पूर्वार्ध अरबी, उत्तरार्ध संस्कृत, आणि तो घडविला गेला तो ‘कॉग्निझेबल’ ह्या इंग्रजी विशेषणाला प्रतिशब्द म्हणून. विशेष हे की, ज्या इंग्रजी शब्दासाठी हा खटाटोप झाला त्याचा पोलिसी अर्थ इंग्लंडातून तयार होऊन आलेला नाही. तो हिंदुस्थानातच घडला. म्हणजे येथे मूळ आणि अनुवाद हे दोन्ही एकाच भूमीवर वाढलेले आहेत. ह्या वाढीचा इतिहास, आणि पोलीस ठाण्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या मराठी माणसाच्या मनात हा शब्द कोणता अर्थ उत्पन्न करतो, ह्या दोन गोष्टींचा एकत्र विचार करणे अवश्य आहे.

प्रथम कायद्यातील अर्थ. ज्या अपराधासाठी पोलीस अधिकाऱ्याला दंडाधिकाऱ्याच्या वॉरंटाशिवाय अटक करता येते तो दखलपात्र अपराध. १८८२ व १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितांतील व्याख्येचे सार हेच आहे. १९७३ च्या संहितेत आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते बदललेले नाही. अशा अपराधाची खबर मिळाली की ठाणे अंमलदाराने ती लिहून घ्यावयाची आणि कोणाच्या हुकमाची वाट न पाहता तपास सुरू करावयाचा. अपराध अदखलपात्र असेल तर खबर वेगळ्या वहीत नोंदवून फिर्यादीस दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगावयाचे. दंडाधिकाऱ्याने हुकूम दिल्यावाचून तपासाला हात घालावयाचा नाही. हुकूम मिळाल्यावर मात्र पोलिसांना तपासाचे सर्व अधिकार मिळतात. अपवाद एकच, वॉरंटाशिवाय अटक करण्याचा. सारांश, हा शब्द अपराधाचे वर्णन करीत नसून पोलिसांच्या अधिकाराची सीमा आखतो.

ही सीमा किती अर्वाचीन आहे हे पाहण्यासाठी पुण्याच्या बुधवार पेठेपर्यंतच जावे लागते. पेशवाईतील कोतवालाची प्रसिद्ध चावडी ह्याच पेठेत होती. ती इमारत गेली, तथापि ‘कोतवाल चावडी’ हे स्थलनाम टिकून आहे आणि गणेशोत्सवात दगडूशेठ हलवाई गणपतीच्या मांडवाच्या निमित्ताने ते दरवर्षी सर्वांच्या तोंडी असते. तेथून जवळच फरासखाना पोलीस ठाणे आहे. हे नावही पेशवाईतले. फरास म्हणजे तंबू, कनाती, बिछायती सांभाळणारा नोकर आणि फरासखाना म्हणजे त्या सामानाचे कोठार. राज्य बदलले, कोठार पोलिसांचे झाले, नाव राहिले. (पोलिसांच्या शब्दांची व्युत्पत्ती पाहू जाता असे विनोद पदोपदी भेटतात. इंग्रजी ‘कॉन्स्टेबल’ मुळात तबेल्याचा मानकरी. आणि ‘कोतवाल’, ज्याचे नाते ‘कोट्टपाल’ म्हणजे किल्ल्याचा रक्षक ह्या शब्दाशी लावले जाते, तो शेवटी खेड्यातील महसुली निरोप्या झाला.)

पेशवेकालीन पुण्याच्या कोतवालाचा अधिकार आजच्या कोणत्याही एका खात्यात मावणारा नव्हता. बाजारभावांवर नजर, घरे व जमिनी ह्यांच्या खरेदी-विक्रीची नोंद, रस्ते-गल्ल्यांचे तंटे, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची माहिती, खानेसुमारी, रात्रीचा पहारा, चोरांचा शोध, त्यांची चौकशी, आणि पुष्कळ बाबतींत शिक्षाही, हे सारे चावडीवरून चाले. त्या काळच्या कागदांत ‘गुन्हेगारी’ ह्या शब्दाचा अर्थ गुन्ह्याबद्दल वसूल केलेला दंड असा आहे, आणि हा दंड सरकारी जमेची एक बाब म्हणून हिशेबात येतो. प्रतिवादीला बोलावण्यास शिपाई पाठविला की त्याचा खर्च ‘मसाला’ ह्या नावाने त्याच प्रतिवादीकडून घेत. व्यभिचारादी अपराधांना ‘बदअमल’ म्हणत. त्यांत सापडलेल्या बायकांना बटीक करून सरकारात ठेवल्याच्या नोंदी पेशवे दफ्तरात मिळतात. पकडणारा, शोधणारा, न्याय करणारा आणि दंड गोळा करणारा ह्यांच्या हातांत फरक करण्याची गरज ह्या व्यवस्थेला भासली नाही. त्यामुळे अमुक गुन्ह्यात कोतवालाने आपण होऊन हात घालावा आणि अमुक गुन्ह्यात वरिष्ठाचा हुकूम घ्यावा, हा भेद व्यक्त करणारा शब्दही तिला लागला नाही.

ह्याचा अर्थ त्या अधिकाराला मर्यादाच नव्हती असा नव्हे. मर्यादा होती, परंतु ती माणसाची होती, नियमाची नव्हती. आणि ती बहुधा अनर्थ झाल्यावर दिसे. घाशीराम सावळदास हा १७७७ ते १७९१ पर्यंत पुण्याचा कोतवाल होता. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडलेल्या माणसाला सकाळपर्यंत अडकवून ठेवण्याची रीत त्याच्या काळी जारी होती आणि तिची दहशतही मोठी होती. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या लोकांनी पकडून कोंडलेल्या तेलंग ब्राह्मणांपैकी अनेक जण कोंडीतच गुदमरून मेले. क्षोभ झाला आणि ३१ ऑगस्ट रोजी जमावाने दगडांनी ठेचून घाशीरामाचा प्राण घेतला. मोरोबा कान्होबा ह्यांचे १८६३ मधील पुस्तक आणि विजय तेंडुलकरांचे १९७२ मध्ये रंगभूमीवर आलेले नाटक ह्यांमुळे ही हकीकत सर्वश्रुत आहे; नाटकाला इतिहास समजण्याची चूक मात्र वारंवार होते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते एका साध्या प्रश्नाला : त्या रात्री त्या माणसांना पकडण्याचा अधिकार कोतवालाला होता की नाही? तत्कालीन व्यवस्थेत ह्या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तो विचारण्याची भाषाच उपलब्ध नाही. लोकांनी विचारले ते इतकेच, की ब्राह्मण मेले कसे आणि त्याचे प्रायश्चित्त कोण घेणार.

१८१८ नंतर एल्फिन्स्टनने जुनी चौकट एकदम मोडली नाही. १८२७ च्या प्रसिद्ध कायदेसंग्रहातील बाराव्या रेग्युलेशनात जिल्ह्यांच्या पोलिसांची व्यवस्था आली. पाटील व मामलेदार ह्यांना त्या साखळीत स्थान राहिले. खरा फरक पडला तो सत्तावनच्या उठावानंतर. १८६० ची दंडसंहिता, १८६१ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि त्याच वर्षीचा पाचवा म्हणजे पोलिसांचा अधिनियम ह्या तिघांनी मिळून गुन्हा, त्याची चौकशी आणि ती करणारे दल ह्यांची एकमेकांशी जोडलेली रचना उभी केली. मुंबई इलाख्यात १८६७ चा जिल्हा पोलीस अधिनियम व ग्रामपोलीस अधिनियम हे तिचे स्थानिक रूप होय.

ह्या रचनेतील अडचण उघड होती. पोलिसांना शहरातील व खेड्यांतील लक्षावधी माणसांच्या दारात जावयाचे होते; परंतु प्रत्येक शिवीगाळीत, प्रत्येक घरगुती मारहाणीत, प्रत्येक अब्रूच्या भांडणात त्यांना आपण होऊन शिरू देणे राज्यकर्त्यांना धोक्याचे वाटत होते. त्यामागे प्रजेच्या स्वातंत्र्याची कळकळ होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पगार थोडा, देखरेख विरळ, आणि लाचेची संधी मुबलक, अशा दलावर लगाम असावा हा हिशेब त्यात अधिक होता. उपाय असा काढण्यात आला की दंडसंहितेतील प्रत्येक कलम एका तक्त्यात मांडावयाचे आणि त्यापुढे एक रकाना ठेवावयाचा : ‘पोलिसांना वॉरंटाशिवाय अटक करता येईल किंवा नाही’. १८६१ च्या संहितेच्या तक्त्यात आणि १८९८ च्या संहितेच्या तक्त्यातही रकान्याचे शीर्षक असेच, म्हणजे एक संपूर्ण वाक्य, आहे. १९७३ च्या संहितेत त्या जागी ‘कॉग्निझेबल की नॉन-कॉग्निझेबल’ एवढेच उरले. अर्थ तोच राहिला. पण पूर्वी जे कोणालाही वाचून समजत होते ते आता शब्द ठाऊक असणारालाच समजू लागले. परिभाषा स्थिर होते तेव्हा हा खर्च बहुधा द्यावाच लागतो.

परंतु रकान्यातील वाक्य ज्या शब्दात आटले तो शब्द मूळचा निराळ्याच कुळातील होता. लॅटिन ‘कोग्नोस्केरे’ म्हणजे जाणणे. तेथून जुन्या फ्रेंचमधून तो इंग्लंडच्या न्यायालयांत गेला. तेथे त्याचा उच्चार व लेखन दीर्घकाळ ‘कॉन्युझन्स’ असे होते आणि त्यातील ‘ग’ हा मागाहून विद्वानांनी लॅटिनच्या आठवणीने घातलेला आहे. इंग्रजी न्यायपरिभाषेत ह्या शब्दाचा अर्थ खटला चालविण्याचा अधिकार असा होता. ऑक्सफर्ड व केंब्रिज ह्या विद्यापीठांनी आपल्या माणसांवरील दावे आपणच चालवू असा जो विशेषाधिकार मिळविला होता, त्यासाठीही हाच शब्द योजलेला आढळतो. म्हणजे ‘जाणणे’ हे न्यायाधीशाचे कर्म; तो ज्याला जाणू शकतो ते ‘कॉग्निझेबल’. शिपायाने पकडण्याशी त्याचा संबंध नव्हता. इंग्लंडात कॉन्स्टेबलचा वॉरंटाशिवाय अटकेचा अधिकार मुख्यतः ‘फेलनी’ व ‘मिसडिमीनर’ ह्या जुन्या भेदावर अवलंबून असे. १९६७ मध्ये तो भेद रद्द झाल्यावर तेथे ‘अरेस्टेबल’, म्हणजे सरळ ‘अटकयोग्य’ अपराध हा शब्द आला, आणि १ जानेवारी २००६ पासून तोही गेला. पोलिसी अर्थाने ‘कॉग्निझेबल’ हा शब्द भारत, पाकिस्तान, बांगला देश, श्रीलंका ह्या देशांच्या कायद्यांत मुरलेला आहे. त्याला इंग्रजी म्हणावयाचे ते केवळ लिपीवरून व व्याकरणावरून.

न्यायाधीशाचे जाणणे पोलिसाच्या पदरात पडले, तरी न्यायाधीशाकडचे ते नाहीसे झाले नाही. १९७३ च्या संहितेचे १९० वे कलम, आणि नव्या संहितेचे २१० वे, दंडाधिकाऱ्याने अपराधाची ‘कॉग्निझन्स’ कशी घ्यावी हे सांगते. तेथे अर्थ जुनाच आहे; १९५१ मधील आर. आर. चारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्याने प्रकरणाकडे आपली बुद्धी लावणे हे त्याचे मर्म सांगितले आहे. तेव्हा एकाच ग्रंथात एकच धातू दोन अर्थांनी नांदतो. अदखलपात्र अपराधाचीही दंडाधिकारी दखल घेऊ शकतो, किंबहुना त्याने ती घ्यावी अशीच योजना आहे. विधी विषयाच्या विद्यार्थ्यांचा पहिल्या वर्षी जो गोंधळ उडतो त्याचे मूळ येथे आहे. दोष त्यांच्या बुद्धीचा नाही.

ह्या शब्दाचे देशी भाषांत रूपांतर करताना अनुवादकांनी काय केले हे पाहणे उद्‌बोधक आहे. हिंदीने ‘संज्ञेय’ हा शब्द स्वीकारला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ह्याहून निर्दोष अनुवाद शोधणे कठीण. लॅटिन धातू व संस्कृत ‘ज्ञा’ हे एकाच इंडो-युरोपीय मूळ धातूचे वंशज आहेत आणि उपसर्गही तुल्य आहेत. पण ह्या शब्दाने इंग्रजी शब्दाचा जन्म कळतो, व्यवहार कळत नाही. मराठीत तर तो उपयोगीच पडला नसता, कारण मराठीत ‘संज्ञा’ म्हणजे पारिभाषिक नाव किंवा शुद्ध. ‘संज्ञेय गुन्हा’ म्हणजे नाव देण्याजोगा गुन्हा असा तर्क कोणीही केला असता. उर्दूने ‘काबिल-ए-दस्तअंदाजी-ए-पोलीस’ असे म्हटले. दस्त म्हणजे हात, अंदाजी म्हणजे टाकणे. पोलिसाने हात टाकण्याजोगा. संस्कृत ‘हस्तक्षेप’ हा ह्याचा शब्दशः जुळा भाऊ होय. बंगालीत ‘आमलयोग्य’ व ‘धर्तव्य’ असे दोन शब्द चालतात. पैकी दुसरा धरण्याशी, म्हणजे अटकेशी, उघड जोडलेला आहे. गुजरातीने शब्दाचा पाठलाग सोडून ‘पोलीस अधिकाराचा गुन्हा’ अशा अर्थाची रचना केली, आणि ह्या सर्वांत सामान्य माणसाला सर्वांत लवकर समजणारी तीच आहे असे म्हणावे लागते. जाणणे, हात टाकणे, धरणे, अधिकार असणे, असे हे चार मार्ग.

मराठीने पाचवा मार्ग धरला. ‘दखल’ ह्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ प्रवेश. त्याच धातूचे ‘दाखल’ म्हणजे आत आलेला, ‘दाखला’ म्हणजे दफ्तरात आलेला आणि म्हणून पुरावा ठरणारा कागद, ‘बेदखल’ म्हणजे ताब्यातून बाहेर काढलेला. मराठीने ह्या कुटुंबाला एक खास वळण दिले. ‘दखल घेणे’ म्हणजे एखाद्या गोष्टीकडे लक्ष पुरविणे, तिचे महत्त्व मान्य करणे. ‘दखल देणे’ म्हणजे दुसऱ्याच्या कामात पडणे. पहिले हवेसे, दुसरे नकोसे. एका क्रियापदाच्या फरकाने आदर व आगळीक ह्यांची अदलाबदल व्हावी हा भाषेचा चमत्कार होय. आणि पोलिसांविषयी समाजाच्या मनात ज्या दोन भावना एकाच वेळी वसत असतात त्या ह्या जोडीत नेमक्या उतरल्या आहेत. १९४४ मध्ये ख्वाजा नझीर अहमद खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असे ठरविले की, दखलपात्र अपराधाचा तपास हा पोलिसांचा कायद्याने दिलेला अधिकार असून न्यायालयाने त्यात पडू नये. हे मराठीत सांगावयाचे तर ‘पोलीस दखल घेतील, न्यायालयाने दखल देऊ नये’ इतके सोपे होते. इंग्रजीला ह्यासाठी दोन वेगवेगळे शब्द लागतात.

शिवाय ‘गुन्हा दाखल करणे’ हा रूढ प्रयोग ह्याच धातूचा आहे. ज्या गुन्ह्यात पोलीस शिरू शकतात तो दखलपात्र, आणि तो दफ्तरात शिरला की दाखल. ह्या दोन शब्दांचे नाते ठाणे अंमलदाराच्या ध्यानात नसेल, पण त्याच्या वहीत ते रोज दिसते.

‘पात्र’ ह्या उत्तरपदाने मात्र एक अडचण निर्माण केली, आणि ती किरकोळ नाही. कायद्याच्या मराठीत ‘शिक्षापात्र’, ‘जामीनपात्र’ अशा शब्दांत ‘पात्र’ हे केवळ शक्यता वा योग्यता दाखविणारे पद आहे. इंग्रजी ‘एबल’ प्रत्ययाचे काम ते करते. परंतु बोलीत ‘पात्र’ म्हणजे लायक. ‘विश्वासपात्र’, ‘कृपापात्र’, ‘अपात्र उमेदवार’ ह्या शब्दांनी कान तयार झालेला माणूस ‘दखलपात्र’ ऐकतो तेव्हा त्याला ‘लक्ष देण्याच्या लायकीचा’ असे ऐकू येते, आणि ‘अदखलपात्र’ म्हणजे ‘लक्ष देण्याच्या लायकीचा नसलेला’. समासाची फोडही दोन प्रकारे होते. ‘अ’ हा नकार संपूर्ण ‘दखलपात्र’ ह्या पदाला लावला तर ‘दखल घेण्यास पात्र नसलेला’. तो नुसत्या ‘दखल’ला लावला तर ‘दखल न घेतली जाण्यास पात्र’. पहिल्यात पोलिसांचा अधिकार नाकारला जातो, दुसऱ्यात तक्रारदाराची तक्रार. कायद्याला पहिला अर्थ अभिप्रेत आहे. ठाण्यात बहुतेक वेळा दुसरा ऐकू येतो.

हा केवळ वैयाकरणांचा वाद नाही. पुण्यातील ठाण्यांत ‘अदखलपात्र’ हा लांबलचक शब्दही फारसा उच्चारला जात नाही, त्याऐवजी ‘एन.सी.’ ही दोन अक्षरे चालतात. ‘एन.सी. करून घ्या’, ‘ही तर एन.सी. आहे’, असे म्हटले जाते आणि ऐकणारा समजतो की प्रकरण संपले. साधी दुखापत करणे हा दंडसंहितेच्या ३२३ व्या कलमाखालचा अपराध अदखलपात्र होता व भारतीय न्याय संहितेतही तो तसाच आहे. नवऱ्याचा मार खाऊन ठाण्यात आलेल्या बाईला तिचे दुखणे ‘अदखलपात्र’ आहे असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा दंडाधिकाऱ्याकडे जाण्याचा रस्ता उघडा आहे ही गोष्ट त्या शब्दातून तिला कळण्याचा मुळीच संभव नाही. १९८३ मध्ये दंडसंहितेत ४९८-अ हे कलम घालण्यात आले तेव्हा विवाहितेच्या छळाचा अपराध दखलपात्र ठरविण्यात आला, पण अटीवर. खबर स्वतः त्या स्त्रीने, किंवा तिच्या रक्ताच्या, विवाहाच्या वा दत्तक नात्याच्या माणसाने दिली असेल तरच. अन्यथा अधिसूचित केलेल्या लोकसेवकाने. शेजाऱ्याने ओरडा ऐकून दिलेली खबर ह्या अटीत बसत नाही. एकच कृत्य सांगणाराप्रमाणे दखलपात्र किंवा अदखलपात्र ठरते, ह्यावरून हा गुण कृत्याच्या अंगी नसून अधिकाराच्या अंगी आहे हे पुरेसे स्पष्ट व्हावे.

बुधवार पेठेतच ह्याचे दुसरे उदाहरण आहे. ह्या पेठेच्या काही गल्ल्यांत वेश्याव्यवसायाची जुनी वस्ती आहे. १९५६ च्या अनैतिक व्यापाराविरुद्धच्या अधिनियमाच्या १४ व्या कलमाने त्याखालील सर्व अपराध दखलपात्र मानले आहेत. परंतु त्याच कलमाच्या परंतुकाने वॉरंटाशिवाय अटक केवळ विशेष पोलीस अधिकाऱ्याने, किंवा त्याच्या हुकमाने, करावी असे बंधन घातले आहे. झडतीच्या वेळी वस्तीतील प्रतिष्ठित व्यक्ती, आणि त्यांत एक तरी स्त्री, साक्षीला असावी असेही कायदा सांगतो. म्हणजे येथे दखल आहे, पण ती सर्वांची नाही. ही तरतूद शिपायाच्या मनमानीचा धोका ओळखून केलेली आहे. आणि चावडीवरच्या ‘बदअमला’च्या नोंदी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना तिचे कारण वेगळे सांगावयास नको. ह्याच्या उलट बाजूची तक्रार अशी की, त्या वस्तीतील स्त्री स्वतः मारहाणीची फिर्याद घेऊन गेली तर ती नोंदवलीच जाईल ह्याची तिला खात्री नसते. १९ मे २०२२ रोजी बुद्धदेव कर्मसकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा स्त्रियांशी पोलिसांनी सन्मानाने वागावे आणि त्यांना शिवीगाळ वा मारहाण करू नये, असे निर्देश दिले. एकाच गल्लीत नको तेव्हा दिलेली आणि हवी तेव्हा न घेतलेली दखल अशा रीतीने शेजारी शेजारी आढळते.

न्यायालयांनी गेल्या काही दशकांत ह्या शब्दाची दोन अंगे हळूहळू एकमेकांपासून सोडविली आहेत. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिताकुमारी खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितले की, खबरीतून दखलपात्र अपराध उघड होत असेल तर गुन्हा दाखल करणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. ते त्याच्या मर्जीवर नाही. वैवाहिक, व्यापारी इत्यादी काही प्रकरणांपुरती प्राथमिक चौकशीची मुभा ठेवण्यात आली. दुसऱ्या बाजूने, १९९४ च्या जोगिंदरकुमार खटल्यापासून असे प्रतिपादन होत आले की, अटकेचा अधिकार असणे ही एक गोष्ट आणि तो वापरण्यास सबळ कारण असणे ही दुसरी. २०१४ च्या अर्नेशकुमार खटल्याने सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या अपराधांत यांत्रिकपणे अटक करण्यास प्रतिबंध केला. परिणाम असा की, आज दखलपात्र गुन्हा दाखल होतो, तपास सुरू होतो आणि आरोपीस पुष्कळदा नुसती नोटीस जाते. व्याख्येत अजून अटकेचीच कसोटी आहे. व्यवहारात शब्दाचा भार अटकेकडून तपासाकडे सरकला आहे. नवलाची गोष्ट अशी की, ह्या बदललेल्या व्यवहाराला ‘दखल’ हा मराठी शब्द अधिक शोभतो. प्रवेश करणे म्हणजे पकडणे नव्हे. उर्दूतील हात टाकणे आणि बंगालीतील धरणे ह्यांना हा पालट इतक्या सहजतेने पचविता येणार नाही.

ह्या दृष्टीने भाषा संचालनालयाच्या स्थापनेनंतर, म्हणजे १९६० नंतर, मराठी न्यायपरिभाषेवर संस्कृतीकरणाचा जो आरोप नेहमी होतो तो ह्या शब्दापुरता तरी लागू पडत नाही. शिवकालातील राज्यव्यवहारकोशाची परंपरा मराठीत असूनही येथे जुना अरबी धातू काढून टाकला गेला नाही. तो राहिला हे बरे झाले. टीका करावयाची तर ती ‘पात्र’वर आणि त्याहून अधिक ‘अदखलपात्र’वर करावी लागेल, ‘हुकुमाधीन गुन्हा’ ह्यासारखा एखादा शब्द योजला असता, तर दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने पोलीस येथेही येऊ शकतात ही गोष्ट नावातच राहिली असती. रूढ झालेला शब्द आता उपटणे शक्य नाही. ठाण्याच्या भिंतीवर त्याचा अर्थ सोप्या वाक्यात लिहिणे मात्र शक्य आहे, आणि १८६१ च्या तक्त्यातील रकान्याचे शीर्षक त्यासाठी आजही पुरेसे आहे.

नव्या संहितांनी ही सीमारेषा दोन-तीन ठिकाणी हलविली आहे. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या दखलपात्र अपराधांत उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करण्याची तरतूद झाली आहे. अदखलपात्र खबरींच्या दैनिक नोंदीचा अहवाल दर पंधरवड्यास दंडाधिकाऱ्याकडे पाठविण्याचे बंधन आले. ते नीट पाळले गेले तर ‘एन.सी.’ची वही प्रथमच न्यायालयाच्या नजरेखाली येईल. आणि चोरी, जी दीडशे वर्षे दखलपात्र अपराधाचे पाठ्यपुस्तकातील पहिले उदाहरण होती, तिचा एक तुकडा रेषेच्या पलीकडे गेला आहे : पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या वस्तूची चोरी, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि वस्तू वा तिची किंमत परत मिळाली असेल, तर समाजसेवेच्या शिक्षेस पात्र आणि तक्त्यात अदखलपात्र दाखविलेली आहे. चोरी पहिलीच आहे की नाही, आणि वस्तू परत येणार की नाही, हे तपासाआधी ठाणे अंमलदाराने कसे ठरवावे ह्याचे उत्तर तक्त्यात नाही. तुळशीबागेच्या गर्दीत पाकीट गेलेला माणूस फरासखान्याच्या पायऱ्या चढून येईल तेव्हा त्याची खबर दोन वह्यांपैकी कोणत्या वहीत लिहावयाची, हा प्रश्न प्रथम त्या अंमलदारापुढे आणि मग न्यायालयांपुढे येणार आहे.